ऑप्टिकल स्विचचं वेळापत्रक: चौकटीच्या वहीवर पहिला शेड्युलर

शेड्युलिंग, म्हणजे नेटवर्क स्विचमधून कुठलं पॅकेट कधी सोडायचं ते ठरवणं, शिकायला बसलं की दोन तऱ्हेचं साहित्य हाती लागतं. एका ढिगात क्रॉसबार (कुठलाही इनपुट कुठल्याही आउटपुटला जोडणारी जाळी), रांगा आणि अल्गोरिदम असतात, पण प्रकाशाचा पत्ता नसतो. दुसऱ्या ढिगात लेझर, आरसे आणि तरंगलांबी असते, पण पॅकेट कुठे थांबतं आणि का थांबतं हे कोणी सांगत नाही. नवा माणूस मध्येच लटकतो. हा लेख त्या मधल्या जागेसाठी आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असाल, किंवा नेटवर्कच्या नोकरीत नुकते लागला असाल, तर एक चौकटीची वही आणि स्प्रेडशीट एवढ्यावर काम भागेल. प्रोग्रॅम नंतर लिहा. आधी हाताने करा, कारण हाताने केल्यावरच कळतं की प्रश्न दोन आहेत. इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये शेड्युलर विचारतो, ‘या क्षणी कोणी जायचं?’ ऑप्टिकल स्विचमध्ये तो विचारतो, ‘ही जोडणी किती वेळ धरून ठेवायची?’

पायरी १: वेळेचे आकडे आधी पाठ करा

इथे पाठांतराला पर्याय नाही. इथरनेटचं सगळ्यात लहान पॅकेट ६४ बाइटचं असतं. त्याच्यापुढची सूचना आणि दोन पॅकेटांमधलं सक्तीचं अंतर धरलं की तारेवर ते ८४ बाइटची जागा घेतं, म्हणजे ६७२ बिट. १० गिगाबिटच्या पोर्टवर त्याला ६७.२ नॅनोसेकंद लागतात, १०० गिगाबिटवर ६.७२ आणि ४०० गिगाबिटवर १.६८. पॅकेटागणिक निर्णय घ्यायचा तर शेड्युलरच्या हाती एवढाच अवधी असतो.

दुसरा आकडा फायबरचा. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मीटरला ५ नॅनोसेकंद. २०० मीटर फायबरमध्ये प्रकाश १ मायक्रोसेकंद राहतो, आणि १०० गिगाबिटच्या वेगाने तेवढ्यात जेमतेम १२.५ किलोबाइट मावतात. हे लक्षात ठेवायचं कारण असं की प्रकाशाला रॅम नाही. पॅकेट प्रकाशरूपातच थांबवायचं असेल तर फायबरचं वेटोळं घालून त्याला फिरायला पाठवणं एवढाच व्यवहार्य मार्ग आहे. १२.५ किलोबाइटसाठी २०० मीटरचं वेटोळं कोण बाळगणार? म्हणून पॅकेटं कडेला, इलेक्ट्रॉनिक मेमरीत थांबतात: सर्व्हरमध्ये, नेटवर्क कार्डात, किंवा रॅकच्या माथ्यावरच्या स्विचमध्ये.

पायरी २: समोर कुठला स्विच आहे ते ओळखा

‘ऑप्टिकल राउटर’ म्हणून जी पेटी दाखवतात तिच्या पोर्टात फायबर जात असलं, तरी बहुतेक वेळा प्रकाश ट्रान्सीव्हरपाशी, म्हणजे प्रकाशाचे विद्युत संकेत करणाऱ्या भागापाशीच, संपतो. आत सगळा इलेक्ट्रॉनिक कारभार असतो आणि जोडणी बदलायला काही नॅनोसेकंद पुरतात. अशा पेटीसाठी पायरी ३ आणि ४ महत्त्वाच्या.

दुसऱ्या प्रकारात प्रकाश आरपार जातो. सूक्ष्म आरसे तिरपे होऊन एका फायबरमधला किरण दुसऱ्या फायबरमध्ये टाकतात. यांना मेम्स स्विच म्हणतात. आत कोणी पॅकेट वाचत नाही, म्हणून वीज कमी लागते, आणि १० गिगाबिटचं यंत्र काढून ४०० चं लावलं तरी स्विच तोच चालतो. मात्र आरसा हलून स्थिर व्हायला मिलिसेकंद जातात. रेल्वेचा सांधा बदलताना त्यावरून गाडी नेता येत नाही, तसंच इथेही आरसा हलत असताना त्या पोर्टवर काहीही पाठवता येत नाही.

तिसरा प्रकार तरंगलांबी झटकन बदलणाऱ्या लेझरांचा आणि अर्धवाहक ऑप्टिकल अँप्लिफायरांचा. तो नॅनोसेकंदांत बदलतो, पण अजून प्रामुख्याने प्रयोगशाळांत दिसतो. लांब पल्ल्याच्या डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरमधून अनेक तरंगलांब्या नेणाऱ्या) मार्गांवर तर जोडणी महिनोन्‌महिने तशीच राहते. तिथे शेड्युलिंगपेक्षा नियोजन हा शब्द बरा.

पायरी ३: रांगा लावा, आणि एक नाणं घ्या

२ इनपुट, २ आउटपुटचा स्विच कागदावर काढा. प्रत्येक इनपुटला एकच रांग. रांगेतल्या पुढच्या पॅकेटला कुठे जायचं ते नाणं उडवून ठरवा: छापा आला तर आउटपुट १, काटा आला तर २. दोघांना वेगळीकडे जायचं असेल तर दोन्ही पॅकेटं गेली. दोघांना एकाच ठिकाणी जायचं असेल तर एक गेलं, दुसरं अडलं, आणि त्याच्यामागची सगळी रांगही अडली, मग मागच्याला जायचं असलेलं आउटपुट मोकळं का असेना. पन्नासेक स्लॉट, म्हणजे पाळ्या, खेळून बघा. निम्म्या वेळा दोन पॅकेटं जातील आणि निम्म्या वेळा एक; सरासरी दीड. म्हणजे क्षमतेच्या ७५ टक्के.

पोर्ट वाढवत नेले की हा आकडा घसरतो आणि ५८.६ टक्क्यांवर येऊन टेकतो. नेमका आकडा २ वजा २ चं वर्गमूळ. बेल लॅब्समधल्या कॅरोल, ल्यूखी आणि मॉर्गन यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं. कोट्यवधींच्या राउटरची चाळीस टक्के ताकद नुसत्या रांग लावण्याच्या पद्धतीत बुडते, हे पचायला थोडा वेळ लागतो.

उपाय सोपा आहे: प्रत्येक इनपुटपाशी प्रत्येक आउटपुटसाठी वेगळी रांग ठेवायची. यांना व्हर्च्युअल आउटपुट क्यू म्हणतात, बोलताना व्हीओक्यू. १६ पोर्टांच्या स्विचमध्ये अशा २५६ रांगा होतात. मेमरी तेवढीच असते, फक्त तिचे कप्पे वाढतात. वहीत त्यांचा १६ बाय १६ चा तक्ता मांडता येतो, आणि इथून पुढचं सगळं शेड्युलिंग या तक्त्यावरचंच काम आहे: प्रत्येक ओळीतून जास्तीत जास्त एक आणि प्रत्येक स्तंभातून जास्तीत जास्त एक घर निवडायचं. या निवडीला जुळणी म्हणू.

पायरी ४: आयस्लिप हाताने चालवा

स्टॅनफर्डच्या निक मॅककिओन यांचा आयस्लिप हा अल्गोरिदम १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला, आणि सिस्कोच्या १२००० मालिकेच्या राउटरांमध्ये तो वापरला गेला. त्यात प्रत्येक इनपुटला आणि आउटपुटला एक काटा असतो, पुढची पाळी कोणापासून मोजायची ते दाखवणारा. हालचाली तीनच आहेत. इनपुट मागणी करतो. प्रत्येक आउटपुट आपल्या काट्यापासून पुढे मोजत पहिल्या मागणीदाराला होकार देतो. एकापेक्षा जास्त होकार मिळालेला इनपुट आपल्या काट्याप्रमाणे त्यातला एक स्वीकारतो.

खरी गोम काटा कधी सरकवायचा यात आहे. २ बाय २ चा स्विच घ्या, सगळ्या रांगा भरलेल्या, सगळे काटे १ वर. पहिल्या स्लॉटला दोन्ही आउटपुट इनपुट १ ला होकार देतात. तो आउटपुट १ चा होकार स्वीकारतो, दुसरा होकार वाया. आता नियम असा: ज्याचा होकार स्वीकारला गेला त्याचाच काटा पुढे सरकतो. म्हणून आउटपुट १ चा काटा २ वर जातो आणि आउटपुट २ चा १ वरच राहतो. दुसऱ्या स्लॉटला आउटपुट १ इनपुट २ ला होकार देतो, आउटपुट २ इनपुट १ ला. दोन्ही पॅकेटं गेली. तिसऱ्या स्लॉटला काटे अदलाबदल होतात, पुन्हा दोन्ही गेली. पहिला स्लॉट सोडला तर एकही जागा रिकामी जात नाही.

आता तोच खेळ नियम बदलून खेळा: होकार स्वीकारला जावो न जावो, काटा सरकवा. दोन्ही काटे कायम एकाच इनपुटवर राहतात, प्रत्येक स्लॉटला एकच पॅकेट जातं आणि स्विच ५० टक्क्यांवर अडकतो. एका अटीचा फरक, आणि क्षमता अर्धी. हा प्रयोग हाताने केलेला विद्यार्थी पुढे मुलाखतीत आयस्लिपवर अडखळत नाही, असं मी छातीठोक सांगेन.

काट्यांऐवजी चिठ्ठ्या टाकून होकार द्यायची पद्धत याच्या आधीची, डीईसी कंपनीच्या संशोधन केंद्रातून १९९३ मध्ये आलेली. पोर्ट बरेच असतील तर तिची एक फेरी ६३ टक्क्यांच्या आसपास नेते, म्हणून फेऱ्या वाढवाव्या लागतात.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. क्रॉसबारमधले स्लॉट सारख्या मापाचे असतात, त्यामुळे पॅकेटं कापून सारखे तुकडे केले जातात. तुकडा ६४ बाइटचा असेल आणि पॅकेट ६५ बाइटचं, तर दोन तुकडे लागतात आणि दुसरा जवळजवळ रिकामा जातो. स्विच घेताना विक्रेत्याला हा प्रश्न नक्की विचारा. पुढे आउटपुटपाशी लहान-मोठ्या पॅकेटांना न्याय देण्याचं काम अनेकदा डेफिसिट राउंड रॉबिन करतो. तो १९९५ मध्ये श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी मांडला. वर्गीस मूळचे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. त्यावर वेगळं वाचा, तासाभरात समजेल.

पायरी ५: आता आरशांचा स्विच

इथे जरा बसून करायचं काम आहे. तीन रॅक आहेत: अ, ब, क. त्यांना १, २, ३ या तीन ठिकाणी माहिती पाठवायची आहे. आकडे मिलिसेकंदांत, म्हणजे पोर्ट पूर्ण वेगाने किती वेळ चालवावा लागेल ते:

अ: ५०, ३५, १५
ब: ३०, १२, ५८
क: २०, ५३, २७

प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज १०० येते, पडताळून घ्या. म्हणजे बदलायला वेळच लागत नसता तर १०० मिलिसेकंदांत काम आटोपलं असतं. अशा समान बेरजेच्या तक्त्याचे जुळण्यांमध्ये तंतोतंत तुकडे पाडता येतात, हे गॅरेट बर्कहॉफ यांनी १९४६ मध्ये सिद्ध केलं. पाडूया.

मोठी घरं आधी: अ–१, ब–३, क–२. यातलं सगळ्यात लहान ५०, म्हणून ही जुळणी ५० मिलिसेकंद धरा आणि तिन्ही घरांतून ५० वजा करा. पुढची: अ–२, ब–१, क–३, २७ मिलिसेकंद. तिसरी: अ–३, ब–२, क–१, १२ मिलिसेकंद. आता उरलं ते असं:

अ: ०, ८, ३
ब: ३, ०, ८
क: ८, ३, ०

चौथी अ–२, ब–३, क–१, ८ मिलिसेकंद. पाचवी अ–३, ब–१, क–२, ३ मिलिसेकंद. तक्ता कोरा झाला. ५० अधिक २७ अधिक १२ अधिक ८ अधिक ३, बरोबर १००. गणिती दृष्टीने याहून सुबक काही नाही.

आता आरसे आणा. एक बदल २० मिलिसेकंदांचा धरा. पाच जुळण्यांना पाच बदल, म्हणजे १०० मिलिसेकंद नुसते आरसे हलवण्यात. एकूण २००. शेवटची जुळणी ३ मिलिसेकंदांच्या कामासाठी २० मिलिसेकंद खाते! सुबक गणित प्रत्यक्षात अर्धा वेळ वाया घालवतं. पोर्ट वाढले की अवस्था आणखी बिकट होते, कारण अशा तुकड्यांची संख्या पोर्टांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढू शकते: ३ पोर्टांना जास्तीत जास्त ५, १६ पोर्टांना २२६, ६४ पोर्टांना ३,९७०. त्या ३,९७० ला २० मिलिसेकंदांनी गुणा. ७९ सेकंद फक्त बदलण्यात.

दुसरा डाव: जुळण्या तीनच ठेवा, पण प्रत्येक जुळणी तिच्यातल्या सगळ्यात मोठ्या घरापुरती धरा. पहिली ५८, दुसरी ३५, तिसरी २०. बेरीज ११३. मधूनमधून काही पोर्ट रिकामे बसतील, बसू देत. तीन बदलांचे ६०. एकूण १७३. पोर्ट रिकामं बसलेलं बघून नवख्याचा जीव वरखाली होतो, पण इथे रिकामं बसणं बदलण्यापेक्षा स्वस्त आहे. कुठपर्यंत स्वस्त? पहिल्या डावाला १०० अधिक पाच बदल, दुसऱ्याला ११३ अधिक तीन बदल. दोन्ही सारखे होतात ते बदल ६.५ मिलिसेकंदांचा असताना. त्याहून चपळ स्विच असेल तर पहिला डाव घ्या, सुस्त असेल तर दुसरा.

तिसरा डाव मला सगळ्यात आवडतो. शेजारी एक छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच ठेवा, वेग ऑप्टिकलच्या एक दशांश. मोठं काम आरशांना द्या आणि चिल्लर त्याला. वर पहिल्या तीन जुळण्यांनंतर प्रत्येक ओळीत आणि स्तंभात ११ उरले होते. दहापट हळू स्विचला त्यासाठी ११० मिलिसेकंद लागतील, आणि ते काम सुरुवातीपासून बरोबरीने चालू शकतं. ऑप्टिकलकडे ८९ अधिक ६०, म्हणजे १४९. एकूण काम १४९ मध्ये संपतं. मात्र हाव धरून तिसरी जुळणीही त्या छोट्या स्विचवर ढकलली, तर ऑप्टिकल ११७ मध्ये मोकळा होतो आणि छोटा स्विच २३० पर्यंत धापा टाकत राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत २०१० मध्ये झालेल्या हेलिऑस प्रकल्पात डेटा सेंटरसाठी अशीच जोडगोळी मांडली होती.

पायरी ६: बदलाचा वेळ स्वतः मोजा

वर २० मिलिसेकंद आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात माहितीपत्रकात छापलेला आकडा अनेकदा फक्त आरशाचा असतो. आरसा स्थिर झाल्यावर समोरच्या रिसिव्हरला नव्या प्रकाशाची पातळी जुळवून घ्यायची असते, बिटांचा ठेका पकडायचा असतो, आणि दरम्यान नेटवर्क कार्डाने ‘लिंक गेली’ असं समजून हात वर केलेले असू शकतात. तो सगळा वेळ तुमच्या हिशेबात यायला हवा.

मोजायची रीत सरळ आहे. एका टोकाने क्रमांक घातलेली सारख्या मापाची यूडीपी पॅकेटं ठरलेल्या अंतराने सोडत राहा. मध्येच जोडणी एका पोर्टवरून दुसऱ्यावर फिरवा. जुन्या ठिकाणी आलेला शेवटचा क्रमांक आणि नव्या ठिकाणी आलेला पहिला क्रमांक यांच्यातली तूट गुणिले पॅकेटांमधलं अंतर, हा तुमचा खरा आकडा. हे पुन्हा पुन्हा करा आणि सरासरी नव्हे, सगळ्यात वाईट आकडा वेळापत्रकात घाला. त्यावर थोडा गार्ड टाइम, म्हणजे मोकळा राखीव वेळ, ठेवा, कारण सर्व्हरांची घड्याळं तंतोतंत एक नसतात. १० गिगाबिटच्या पोर्टवर २० मिलिसेकंद चुकीच्या वेळी पाठवत राहिलात तर २५ मेगाबाइट हवेत जातात. १०० गिगाबिटवर २५० मेगाबाइट.

पायरी ७: तक्ता येणार कुठून?

इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये व्हीओक्यूची लांबी बघितली की तक्ता तयार. ऑप्टिकलमध्ये मागणी सर्व्हरांत विखुरलेली असते. ती गोळा करून, हिशेब करून, आरसे हलेपर्यंत बदललेली असते. यावर दोन टोकांची उत्तरं आहेत. एक म्हणजे घाईच करायची नाही. गूगलने २०२२ मध्ये आपल्या डेटा सेंटरच्या जाळ्यातल्या पालोमार या १३६ पोर्टांच्या मेम्स स्विचबद्दल जाहीरपणे लिहिलं. तिथे आरसे पॅकेटांमागे धावत नाहीत, तर मोठ्या गठ्ठ्यांमधल्या ट्रॅफिकचा कल बघून जाळ्याची मांडणीच बदलली जाते. दुसरं टोक म्हणजे मागणी मोजायचीच नाही. सॅन दिएगोच्याच रोटरनेटमध्ये, २०१७ साली, स्विच ठरलेल्या जुळण्यांमधून ठरलेल्या क्रमाने फिरत राहतो. ज्याची थेट पाळी दूर आहे असा माल तिसऱ्याच रॅकमार्गे दोन टप्प्यांत पाठवला जातो. शेड्युलर जवळजवळ नाहीसाच होतो. माझं मत विचाराल तर नव्याने प्रकल्प करणाऱ्याने दुसऱ्या टोकाने सुरुवात करावी. त्यात बिघडण्यासारखं कमी आहे.

प्रोग्रॅम लिहाल तेव्हा सगळ्या आउटपुटांना सारखी विभागलेली ट्रॅफिक देऊन खूश होऊ नका. त्या ट्रॅफिकवर नुसतं गोल फिरणारं वेळापत्रकही व्हीओक्यूच्या जोरावर १०० टक्के देतं, मग तुमच्या अल्गोरिदमची परीक्षा कसली? एका आउटपुटवर गर्दी, कर्णावर जड आणि बाकी हलका तक्ता, आणि झुंडीने येणारी पॅकेटं, अशा तिन्ही तऱ्हा चालवा. आलेख काढताना किती माल गेला एवढंच न बघता सगळ्यात जास्त ताटकळलेलं पॅकेट किती थांबलं तेही नोंदवा. मोठ्या रांगेला नेहमी आधी सोडणारा अल्गोरिदम कागदावर देखणा दिसतो, आणि एखाद्या छोट्या रांगेतलं एकुलतं एक पॅकेट तिथेच कुजत पडलेलं असतं.

सुरुवातीच्या सरावासाठी वरचाच तक्ता घ्या. तिसऱ्या डावात तिसरी जुळणी १२ ऐवजी ९ मिलिसेकंद धरली तर ऑप्टिकलचं काम १४६ वर येतं, छोट्या स्विचचं १४० वर जातं, आणि एकूण तीन मिलिसेकंद वाचतात. मग बदलाचा वेळ २० वरून ५० करा. पाच जुळण्यांना ३५० लागतील, लांबवलेल्या तिन्हींना २६३, तीन जुळण्या आणि छोट्या स्विचला २३९. आता मघाशी हावरट ठरवलेला दोन जुळण्यांचा डाव पुन्हा मांडा: ऑप्टिकल १७७, छोटा स्विच २३०. या वेळी तोच जिंकतो. छोट्या स्विचचा वेग एक दशांशावरून एक पंचमांश केला तर काय होतं, ते आता स्प्रेडशीटवर बघा.